जे पाहत नाही, त्याचे पैसे

परदेशातल्या मराठी मंडळींच्या गप्पांत घरभाडं आणि तांदळाचा भाव झाला की इंटरनेटच्या बिलाची पाळी येते. "पुण्यात पाचशे रुपयांत फायबर मिळतं, आणि इथे चाळीस युरो!" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, बहुधा उच्चारलंही असेल. भारत स्वस्त, जर्मनी महाग, असा निकाल चहा संपायच्या आत लागतो.

या हिशेबातली एक गोम तर उघडच आहे. भारतातला ३९९ रुपयांचा घरगुती प्लॅन जीएसटी धरून ४७१ रुपयांना पडतो, म्हणजे पाच युरोंच्याही आत. पण महाराष्ट्रात रोजगार हमीवर जाणाऱ्या माणसाला २०२५-२६ मध्ये दिवसाला ३१२ रुपये मिळत होते. त्याच्यासाठी हे बिल म्हणजे दीड दिवसाची मजुरी. जर्मनीत २०२५ मध्ये किमान वेतन तासाला १२.८२ युरो होतं. चाळीस युरो म्हणजे जेमतेम सव्वातीन तासांचं काम. आता स्वस्त कुठे, ते तुम्हीच ठरवा.

मला जास्त छळणारा प्रश्न निराळा आहे. जे मी पाहतच नाही, त्याचे पैसे मी का द्यावेत?

जर्मनीत पत्ता नोंदवला की काही आठवड्यांत एक पत्र येतं. सार्वजनिक रेडिओ-टीव्हीसाठी घरटी महिन्याला १८.३६ युरो भरा, वर्षाला २२० युरोंच्या वर. घरात टीव्ही नसेल तरी, जर्मन कळत नसेल तरी. २०१३ पूर्वी घरात उपकरण आहे का, असं विचारलं जायचं. आता घर आहे एवढं पुरतं. ब्रिटनमध्ये २०२५ साली वर्षाला १७४.५० पौंड होते, पण थेट प्रक्षेपण किंवा बीबीसी आयप्लेअर पाहत असाल तरच. फ्रान्सने २०२२ मध्ये अशी वर्गणी रद्द केली आणि खर्च सरकारी करांतून भागवायला सुरुवात केली. पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन्स भरणारी आपली आजी-आजोबांची पिढी यातलं काही ऐकून चकित झाली नसती.

नव्याने आलेल्या मराठी विद्यार्थ्यांचा या पत्रावर भारी राग. मला तो समजतो, पण एक गोष्ट खटकते. न पाहिलेल्या गोष्टीचे पैसे आपण सगळीकडेच देत असतो. अमेरिकेत केबलचा गठ्ठा घेणारी, क्रिकेटशिवाय कशातच रस नसलेली व्यक्ती बेसबॉल आणि फुटबॉलच्या हक्कांचा खर्च उचलत असते. जर्मनीतच कित्येक भाडेकरू ३० जून २०२४ पर्यंत केबल टीव्हीचा खर्च भाड्यासोबतच्या इतर खर्चांत मुकाट्याने भरत होते. कायदा बदलला तेव्हा अनेकांना कळलं की आपण हे भरत होतो. भारतात डीडी फ्री डिशला महिन्याची वर्गणी नाही, पण ती चालवणाऱ्या प्रसार भारतीला सरकारी तिजोरीतून पैसा जातो. म्हणजे दूरदर्शन कधीच न लावणाराही त्यात आहेच. फरक इतकाच की जर्मन पत्रावर आकडा ठळक छापलेला असतो. लपलेल्या खर्चावर कोणी चिडत नाही.

जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये ही वर्गणी मूलतः वैध ठरवली (दुसऱ्या घरासाठी दुसऱ्यांदा घेऊ नका, एवढं मात्र बजावलं). पाहण्याची संधी मिळते, हाच लाभ, असा साधारण युक्तिवाद. मला तो पातळ वाटतो. न वापरलेल्या संधीचं बिल लावायचं तर यादी कुठे संपवायची?

माझं कारण वेगळं आहे. मी इथे मत देऊ शकत नाही. माझा व्हिसा किती वर्षांचा, नागरिकत्व किती वर्षांनी, हे माझ्या शेजारच्या आजींसारख्या माणसांच्या मतांवर ठरतं. त्या आजी रात्री आठच्या बातम्यांत काय पाहतात, यात माझा स्वार्थ आहे. त्या बातम्या जाहिरातदाराच्या किंवा एखाद्या धनिकाच्या मर्जीवर चालू नयेत, म्हणून मी पैसे घालायला तयार आहे. मी स्वतः त्या पाहतो की नाही, हा प्रश्न इथे गौण ठरतो. बातम्या दर वेळी निःपक्षपाती असतातच असं नाही. पण तक्रार करायला निदान एक सार्वजनिक पत्ता आहे.

मात्र वर्गणी सगळ्यांना सारखीच का, याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि न्यायालयाचं उत्तर मला पटत नाही. एकटी राहणारी व्यक्ती आणि चार कमावत्यांचं घर, दोघांनाही तेच १८.३६. लाखो घरांचा हिशेब सोपा राहावा म्हणून हे चालतं, म्हणे. सरकारी शिष्यवृत्तीवरच्या जर्मन विद्यार्थ्याला घरापासून दूर राहत असेल तर अर्ज करून माफी मिळते. आपल्याकडून आलेल्या मुलाला ती शिष्यवृत्ती सहसा मिळतच नाही, त्यामुळे माफीही नाही. तो कॅफेत भांडी घासून कमावतो आणि शेजारच्या बंगल्याइतकीच वर्गणी भरतो. चौघांनी मिळून फ्लॅट घेतला असेल तर वाटणी होते आणि माणशी साडेचार युरोंवर भागतं. एकट्याने खोली घेतली असेल तर सगळी त्याच्याच खात्यातून जाते.