निवृत्ती, छंद आणि वानप्रस्थ



शासकीय सेवेत वयाची 58 वर्षे पूर्ण झाली की सत्कार होतो, शाल-श्रीफळ मिळते. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मन विचारते, 'आता मी कोण?' खुर्चीसोबत नमस्कार करणारेही निघून जातात. वेतनाची जागा निवृत्तिवेतन घेते. पण रिकाम्या दिवसाची जागा कोण घेणार? अशा मोकळ्या मनात घरातील लहानसहान गोष्टींचे दोष शोधण्याची सवय सहज शिरते आणि जे घर आपण उभे केले, त्यालाच आपला भार होऊ लागतो.

आपल्या पूर्वजांनी या वयासाठी वानप्रस्थाश्रम सांगितला. केस पिकले, नातवंडांचे मुख पाहिले, की घराचा कारभार पुढील पिढीच्या हाती सोपवून वनाकडे वळावे, असा त्याचा भाव. वनाकडे वळणे म्हणजे जगाला कंटाळणे नव्हे. मालकी सोडून अभ्यास धरणे होय.

धारणीच्या या परिसरात हा विचार समजणे सोपे आहे. आपल्या सभोवतीचे मेळघाट हे 1973-74 साली देशात सुरू झालेल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. येथे वनाधिकारी म्हणून वावरलेले कै. मारुती चितमपल्ली 1990 साली सेवानिवृत्त झाले. गणवेश उतरला, परंतु अभ्यास थांबला नाही. सेवाकाळात जपलेल्या नोंदी आणि वनवासी बांधवांकडून मिळालेले ज्ञान त्यांनी निवृत्तीनंतर पक्षीकोशासारख्या ग्रंथांत उतरविले. 2006 साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. 2025 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी, 18 जून रोजी, वयाच्या 92 व्या वर्षी त्यांनी देह ठेवला. नोकरीनंतरची साडेतीन दशके त्यांना रिकामी गेली नाहीत.

'छंद' या शब्दाकडे लक्ष द्यावे. वेदमंत्रांच्या वृत्तालाही छंदच म्हणतात. गायत्री छंदात 24 अक्षरे. त्या मापामुळेच मंत्र जिभेवर राहतो. निवृत्तीने दिवसाचे माप सुटते, ते पुन्हा बांधून देतो तो खरा छंद. केवळ वेळ घालविणे म्हणजे विरंगुळा. ज्यात नियम आहे आणि दुसऱ्याचे हित आहे, ती साधना.

यासाठी ग्रंथच लिहावा असे नाही. शिक्षकाने आठवड्यातून दोन दिवस मुलांना अक्षरे शिकवावीत. कोरकू घरातील लहानग्यास शाळेतील मराठी परकी वाटते. त्याला शिकविताना त्याच्या भाषेतील चार शब्द आपणही शिकावेत. शेतकऱ्याने देशी वाणांचे बी राखावे. आजीने आपल्या ओव्या वहीत उतरवून ठेवाव्यात. काहीच न सुचल्यास हाती झाडू घ्यावा. याच अमरावती जिल्ह्यात 1876 साली शेंडगाव येथे जन्मलेल्या गाडगेबाबांनी दिवसा गाव झाडले आणि रात्री कीर्तनातून मने झाडली.

भाविकहो, देवापुढे आपण द्रव्य अर्पण करता, ते पुण्यच आहे. परंतु द्रव्य पुन्हा मिळते, आयुष्याचा गेलेला तास मिळत नाही. म्हणून वेळेचे दान अधिक मोलाचे. दर्शन घेऊन परतताना रोजचा एक तास कोणासाठी द्यायचा, याचा संकल्प येथेच सोडावा आणि प्रसादासोबत तोही घरी न्यावा. आपल्या उत्तरायुष्याला असा मंगल छंद लागो, हीच ईश्वरचरणी प्रार्थना.