शिशाचा बिल्ला

रविवारची मिस्सा संपली की आपण चर्चच्या आवारात घोळक्याने उभे राहतो. कुणाच्या मुलीचे कुठे जमले, कुणी जमीन विकली, कुणाचा मुलगा रात्री उशिरा घरी येतो, हे सारे तिथे आपल्या कानावर येते. तरीही आपल्या बाकावर वर्षानुवर्षे बसणारे एक गृहस्थ तीन महिने दिसले नाहीत, आणि आमच्यापैकी कुणीही त्यांच्या दारी गेले नाही. पुढे बाजारात अचानक गाठ पडली तेव्हा कळले, की त्यांची नोकरी सुटली होती आणि दानाच्या वेळी रिकामा हात पुढे करायची त्यांना लाज वाटत होती. "कुणी आला असतात तर बरं वाटलं असतं," एवढेच ते म्हणाले. आमची मान खाली गेली.

आम्ही का गेलो नाही? "दुसऱ्याच्या घरात कशाला डोकावायचे?" असे आम्ही मनाशी म्हणालो होतो. म्हणजे काइनाने भावाविषयी देवाला जे उलट उत्तर दिले, तेच आम्ही जरा सभ्य शब्दांत दिले! पण मग दुसऱ्याच्या जीवनाची चौकशी करण्याचा अधिकार आपल्याला आहे का? आणि असलाच, तर तो कुठवर?

हाच प्रश्न आपल्या एका भगिनी चर्चने शतकानुशतके हाताळला आहे. मुंबईला गिरगाव चौपाटीसमोरचे विल्सन कॉलेज आपल्या परिचयाचे आहे. १८२९ साली मुंबईत आलेले डॉ. जॉन विल्सन हे स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन परंपरेतले मिशनरी होते. 'प्रेस्बिटर' या ग्रीक शब्दाचा अर्थ वडीलधारा. या चर्चमध्ये महागुरू नसतात. प्रत्येक चर्चचा कारभार पाळक आणि भाविकांमधून नेमलेले 'वडील' मिळून पाहतात. या सभेला तिथे 'किर्क सेशन' म्हणतात. १५६० साली स्कॉटलंडच्या संसदेने पोपमहोदयांचा अधिकार नाकारला आणि मिस्साही बंद केली. ती आठवण आपल्याला सुखाची नाही. परंतु तिच्यामुळे त्या मंडळीकडून शिकण्यासारखे काही नाही, असे ठरत नाही.

तिथल्या उपासनेत प्रवचन आणि स्तोत्रगायन यांना मोठे स्थान. प्रभुभोजनाचा विधी मात्र पूर्वी वर्षातून एकदा किंवा दोनदाच होई. शुभ्र कापड अंथरलेल्या लांब मेजांभोवती भाविक बसत आणि भाकर व प्याला एकमेकांच्या हाती देत. त्याआधी पाळक व वडील घरोघरी जाऊन श्रद्धेविषयी प्रश्न विचारत. ज्याचे आचरण ठीक, शेजाऱ्याशी वैर नाही, त्याला शिशाचा एक छोटा बिल्ला मिळे. त्यावर बहुधा चर्चची आद्याक्षरे आणि साल कोरलेले असे. बिल्ला नाही, तर मेजावर जागा नाही!

पण त्याच वडिलांकडे आणखी एक काम असे. चर्चच्या दाराशी जमलेले दान विधवा, अनाथ आणि वृद्धांना वाटायचे. गरीब मुलाच्या शाळेची फी भरायची. दोन्ही कामांसाठी त्यांना घरात जावेच लागे. कुणाची चूल थंड आहे, हे आवारात उभे राहून कळत नाही.

या व्यवस्थेची काळी बाजूही सांगितली पाहिजे. व्यभिचार, दारूबाजी, चहाडी, शब्बाथभंग अशा अपराधांसाठी माणसाला भर उपासनेत पश्चात्तापाच्या आसनावर बसवून सर्वांदेखत कानउघाडणी केली जाई. काही ठिकाणी तर, प्रसूतिवेदना सोसणारी अविवाहित स्त्री बाळाच्या बापाचे नाव सांगेपर्यंत सुईणीने तिला मदत करू नये, असा दंडक होता. पैसेवाल्याला कधी दंड भरून ते आसन टाळता येई, गरिबाला नाही. प्रसिद्ध कवी रॉबर्ट बर्न्स यांनाही १७८६ साली मॉचलिन गावच्या चर्चमध्ये अशी कानउघाडणी ऐकून घ्यावी लागली. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी एका ढोंगी वडिलाच्या प्रार्थनेवर उपहासाची कविता लिहिली होती. त्या कवितेतला वडील दुसऱ्याला शिक्षा मागतो आणि स्वतःच्या पापाला सबब शोधतो.

हे वाचून आपल्याला वाटेल, "बरे झाले, आपल्याकडे पापनिवेदन गुप्त असते!" खरेच आहे, त्या गुप्ततेबद्दल आपण देवाचे आभारच मानावेत. परंतु थोडे थांबून विचार करू या. आपल्या आवारात पश्चात्तापाचे आसन खरोखरच नाही का? दुसऱ्या धर्मातल्या मुलाशी लग्न केलेली मुलगी सणाला माहेरी येते तेव्हा किती नजरा तिच्यावर खिळतात! स्कॉटलंडमध्ये नेमलेले रविवार भरले, की पाळक त्या माणसाला क्षमा झाल्याचे जाहीर करून मंडळीत परत घेत. प्रकरण तिथे संपे. आपल्या कुजबुजीला मात्र शेवटचा रविवार नसतो. ती न्याय करते, पण क्षमा कधीच जाहीर करत नाही.

म्हणजे आपण पाहतो पुष्कळ, विचारत मात्र नाही. पाळत आणि विचारपूस यांत फरक कोणता? आम्हाला दोन खुणा दिसतात. पहिली अशी, की जो विचारतो त्याने स्वतःलाही विचारू द्यावे. जुन्या किर्क सेशनमध्ये वडिलांना एकेक करून बाहेर पाठवत आणि उरलेले त्यांच्या वागणुकीची चर्चा करत. बर्न्सच्या कवितेतला वडील हेच विसरला होता. दुसरी खूण म्हणजे विचारणाऱ्याने उत्तर ऐकून निघून जाऊ नये. थंड चूल पाहिली, तर ती पेटवण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. ज्याला ओझे उचलायचे नाही, त्याने ओझ्याची चौकशी करू नये.

पुढे काळ बदलला. १८४३ साली पाळक निवडण्यात भाविकांचा शब्द चालावा या प्रश्नावर ते चर्च दुभंगले, आणि १८४५ च्या कायद्याने गरिबांची काळजी नागरी मंडळांकडे गेली. गरजेपुढे चर्चचे दान अपुरे होते, म्हणून ते आवश्यकच होते. पश्चात्तापाचे आसन गेले, बिल्ल्याच्या जागी छापील कार्ड आले. १९६६ पासून चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये स्त्रियाही वडील होऊ लागल्या. आजही अनेक ठिकाणी प्रभुभोजनाआधी वडील आपल्या भागातल्या घरी कार्ड घेऊन जातात. आता परीक्षा नसते. आजारपणाची, मुलांची चौकशी होते. भीती गेली, भेट उरली. मात्र १९५० च्या दशकात तेरा लाखांवर असलेले सभासद आज तीन लाखांहूनही कमी आहेत. जिथे दार उघडणारेच कमी झाले, तिथे भेट टिकवणे किती कठीण असेल!

३१ मे १९८२ रोजी एडिंबरोत, जॉन नॉक्स या धर्मसुधारकाच्या पुतळ्याखाली, पोप जॉन पॉल दुसरे आणि त्या चर्चचे मॉडरेटर यांनी एकमेकांचे स्वागत केले. २०२२ साली दोन्ही चर्चनी डनफर्मलिन येथे संत मार्गारेटच्या नावाने मैत्रीच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. चारशे वर्षांचा दुरावा असलेली घरे एकमेकांची विचारपूस करू शकतात, तर आपल्याला शेजारची गल्ली ओलांडायला काय हरकत आहे?

आपल्या वाडीत, आपल्या छोट्या ख्रिस्ती समूहात, नव्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर असे एखादे घर असेल, जिथले कुणी बरेच दिवस मिस्सेला दिसले नाही. या आठवड्यात आपण तिथे जाऊ या. "चर्चला का येत नाही?" हा प्रश्न दाराबाहेरच ठेवू या. "कसे आहात?" एवढेच विचारू आणि उत्तर मिळेपर्यंत बसू. आणि कुणी आपले दार ठोठावले, तर आपणही त्याला खरे उत्तर देऊ या.

हे प्रभो, आमच्या बाकावरची रिकामी जागा आम्हाला दिसू दे, आणि तिथे बसणाऱ्याच्या दारापर्यंत जाण्याचे धैर्य दे. आमेन.