एकाच खाचरातली दोन मुलं

जुलैत आठवडाभर मावसबहिणीकडे राहिलो. तिचं घर वेल्ह्यात, गुंजवणी धरणाच्या वरच्या अंगाला. (सरकारनं तालुक्याचं नाव राजगड केलंय, पण एसटीत अजून सगळे वेल्हंच म्हणतात.) ताई आणि दाजी चार वर्षांपूर्वी पुणं सोडून इथं आले. नऊ वर्षांची भाची शाळेत जात नाही, घरीच शिकते. रेंज फक्त ओट्याच्या एका कोपऱ्यात यायची, म्हणून मी लॅपटॉप घेऊन दिवसभर तिथंच असायचो आणि त्यांची शाळा बघायचो.

खरं सांगतो, हेवा वाटला. सोमवारी भाची शेजाऱ्यांच्या खाचरात भातलावणीला गेली. एका मुठीत किती रोपं, एका खाचराला किती मुठी, हे मोजता मोजता तिचा गुणाकार झाला. बुधवारी ढग जरा हटले आणि तोरणा दिसला, तर हातातलं सगळं टाकून तिनं त्याचं चित्र काढलं. मी चौथीत महाराजांचा इतिहास बाकावर बसून पाठ केला होता. तोरणा पाहिला तो थेट इंजिनिअरिंगला असताना, ट्रेकमध्ये.

गुरुवारी भर पावसात जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी मोटरसायकलवरून आले. शेजारचा मुलगा भाचीहून वर्षानं मोठा. तीन दिवस त्याचा शाळेत पत्ता नव्हता. लावणीमुळे घरची सगळी शेतात, आणि हाताखाली माणूस हवंच. गुरुजींनी त्याच्या आजीला समजावलं, त्याच्यावर थोडे रागावलेही. सोमवारी तो आणि भाची एकाच खाचरात होते. तिचं ते गणित झालं आणि त्याचा खाडा पडला.

मग गुरुजी आमच्याकडे चहाला टेकले. जाताना म्हणाले, “ताई, हिचंही नाव घाला की. पट सात आहे, आठ होईल.”

ताई हसली, विषय बदलला. पण मला तो आकडा रात्रभर छळत राहिला. भोर-वेल्ह्याच्या डोंगरी वाड्यांत वीसच्या आतल्या पटाच्या शाळा पुष्कळ. २०२३ मध्ये अशा शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचा विचार सरकारनं मांडला, तेव्हा नमुना म्हणून याच तालुक्यातल्या पानशेतचं नाव घेतलं होतं. मोठ्या शाळेत सोयी जास्त असतील, मान्य. पण पावसाळ्यात ओढा ओलांडून तिथवर जायचं ते शेजारच्या मुलाला. भाचीला नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १० सांगतं की सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे. न घालणाऱ्याला त्यात दंड मात्र नाही. या फटीत ताईसारखी घरं निवांत राहतात. पुढं मुक्त विद्यालयातून दहावी देता येतेच. मला स्वतःला सक्ती हा शब्द आवडत नाही. पण आपल्याकडे ती मागितली कुणी हे आठवलं की जीभ अडखळते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणणारे जोतीराव फुले होते. गोखल्यांनी १९११ मध्ये त्यासाठी विधेयक मांडलं, ते फेटाळलं गेलं. ज्यांच्या पोरांना शेतातून आणि गुरांमागून कुणी सोडत नव्हतं, त्यांच्यासाठी ही मागणी होती.

शुक्रवारी रात्री ताईशी वाद घातला. ती म्हणाली, “माझी मुलगी काय कुणाचा पट भरायला आहे?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नीटसं नाही. मी गांधीजींचा दाखला दिला. दक्षिण आफ्रिकेत त्यांनी मुलांना शाळेत न घालता स्वतः शिकवलं. शिक्षण राहून गेल्याचा सल थोरल्या हरिलालच्या मनात राहिला, आणि १९११ मध्ये तो वडिलांपासून दूर हिंदुस्थानात निघून आला. ताई म्हणाली, मोठ्या माणसांची उदाहरणं देऊ नकोस. तेही बरोबर.

तरी मला वाटतं, तिनं नाव घालावं. भाचीनं लावणी सोडू नये, तोरणाही सोडू नये, पण निदान सकाळी त्या सातांबरोबर बसावं. तिच्या आईबापांना निवडता आलं, कारण दोघांच्या डिग्र्या कपाटात आहेत. शेजारच्या आजीला तसं निवडता येत नाही, आणि तिच्या निवडीला कुणी सुंदर नावही देत नाही.

रविवारी निघालो. नसरापूरपर्यंत सोडायला दाजी गाडी काढत होते, तेवढ्यात भाचीनं विचारलं, “मामा, गुरुजी त्यालाच का रागावले? मला का नाही?”

मी ताईकडे बघितलं.

“त्याचं नाव आहे ना तिथं,” ताई म्हणाली, आणि डबा पिशवीत नीट बसतोय का ते बघू लागली.