प्रकार आणि संख्या

महाविद्यालयीन फुटबॉल स्पर्धेच्या पारितोषिक वितरणात विजेता, उपविजेता, उत्कृष्ट गोलरक्षक अशी नावे पुकारून झाली की पुष्कळदा एक चषक उरतो. तो 'शिस्तबद्ध संघा'चा. तो कोणाला द्यावा हे ठरविणे संयोजकांना अवघड वाटत नाही. पंचांचे कागद पुढे ओढावयाचे, पिवळी आणि लाल कार्डे मोजावयाची, आणि ज्या संघाची बेरीज सर्वांत कमी त्याच्या हाती चषक ठेवावयाचा. हिशेब स्वच्छ असतो. त्यावर कोणी हरकतही घेत नाही. आमच्या तळोद्याकडे मान कबड्डीचा मोठा, तरी फुटबॉलचे वेडही पोरांना आहे. आणि आता कबड्डीतसुद्धा हिरवे, पिवळे, लाल कार्ड आलेले असल्यामुळे हा हिशेब दोन्ही मैदानांवर सारखाच चालतो. मला पडलेला प्रश्न साधा आहे. संघाला शिक्षा किती झाल्या, यावरून त्याच्या अंगी शिस्त किती आहे हे कळते काय?

कार्डांची ही पद्धत तशी फार जुनी नाही. १९६६च्या विश्वचषकात इंग्लंड आणि अर्जेंटिना यांच्या सामन्यात भाषेच्या अडचणीमुळे कोणाला ताकीद मिळाली आणि कोणाला बाहेर काढले याचा मोठा घोळ झाला. केन ॲस्टन या इंग्रज पंचाला रस्त्यावरील सिग्नलचे दिवे पाहून पिवळ्या आणि लाल रंगाची कल्पना सुचली, आणि १९७०च्या मेक्सिकोतील विश्वचषकात ती प्रथम अमलात आली. म्हणजे कार्ड जन्मले ते शिक्षा सर्वांना दिसावी म्हणून. शिस्त मोजण्याचे काम त्याच्या गळ्यात आपण नंतर बांधले.

खेळाचे नियम लिहिणारे या बाबतीत आपल्यापेक्षा सावध आहेत. फुटबॉलचा बारावा नियम धसमुसळ्या खेळाच्या तीन पायऱ्या सांगतो. निष्काळजीपणे धक्का दिला तर नुसती फ्री किक. प्रतिस्पर्ध्याला इजा होईल याची पर्वा न करता पाय घातला तर पिवळे कार्ड. आणि अवाजवी बळ वापरले तर लाल. ही पायरी मनाच्या अवस्थेची आहे, केवळ कृतीची नव्हे. परंतु त्याच नियमाखाली गोल केल्याच्या आनंदात सदरा काढून भिरकावणाऱ्यालाही पिवळे कार्डच मिळते, पंचाशी हुज्जत घालणाऱ्याला तेच, आणि दुसऱ्याच्या घोट्यावर बेपर्वाईने पाय टाकणाऱ्यालाही तेच. कागदावर तीन कार्डे. एक आनंद आवरता न आल्याचे, दुसरे जीभ आवरता न आल्याचे, तिसरे दुसऱ्याच्या देहाची किंमत न कळल्याचे. बेरीज करताना तिन्ही सारखी!

येथे मला सेमिनरीतील एक पाठ आठवतो. प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी गंभीर पापे कशी सांगावीत याविषयी चर्चचा नियम स्पष्ट आहे; १९८३च्या कायदेसंहितेतील ९८८वे कलम ती 'प्रकार आणि संख्या' यांसह सांगावयास लावते. नुसती संख्या सांगून भागत नाही. 'फादर, मी पाच पापे केली' असे म्हणणाऱ्याला कोणताही धर्मगुरू थांबवील आणि 'कोणती?' असे विचारील. हा चौकसपणा नव्हे. जखम कोठे आहे हे कळल्यावाचून औषध देता येत नाही, हे त्यामागचे साधे शहाणपण आहे. मैदानावरच्या पापांना मात्र आपण संख्येवरच मोकळे करतो.

अमेरिकेतील महाविद्यालयांमध्ये जो फुटबॉल खेळला जातो तो आपल्या फुटबॉलहून निराळा. परंतु तेथे शिक्षा जमिनीच्या मापाने देतात हे लक्षात घेण्याजोगे आहे. चेंडू खेळात येण्यापूर्वीच जागचा हलला तर पाच यार्ड मागे, प्रतिस्पर्ध्याला बेकायदा धरून ठेवले तर दहा, अंगावर जाण्याचा दांडगटपणा केला तर पंधरा. तेथे निदान प्रकाराची थोडी छाया मापावर पडते. पाच यार्डांचा दोष लक्ष उडाल्याचा आहे. पंधरा यार्डांचा पुष्कळदा स्वभावाचा. जो संघ वारंवार पहिला दोष करतो त्याला सराव हवा आहे. दुसरा करणाऱ्याला आणखी काही हवे आहे, आणि ते सरावाने मिळेलच असे नाही.

ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात एक सूक्ष्म भेद केला आहे. रागाच्या भरात दुसऱ्याला मारणाऱ्यापेक्षा राग नसताना मारणारा अधिक वाईट, असे तो म्हणतो. कारण राग आल्यावर हा मनुष्य काय करील याची कल्पनाच केलेली बरी. संत थॉमस अक्विनास यांनीही हाच धागा पुढे नेला, आणि विकाराच्या लोंढ्यात घडलेल्या पापाहून जाणूनबुजून, थंड डोक्याने केलेले पाप अधिक भारी मानले. हा निकष मैदानावर लावून पाहा. २ जुलै २०१० रोजी जोहान्सबर्ग येथे घाना आणि उरुग्वे यांच्या विश्वचषक सामन्यात अगदी अखेरच्या क्षणी गोलात जाणारा चेंडू लुईस सुआरेझने हातांनी अडविला. त्याला लाल कार्ड मिळाले. घानाच्या असामोआ ग्यानने मारलेली पेनल्टी आडव्या दांडीवर आदळली, आणि पुढे उरुग्वेने पेनल्टींच्या फैरीत सामना जिंकला. कागदावर एक कार्ड, एक पेनल्टी. कायद्याने आपले काम चोख केले, शिक्षाही झाली. तरी जगभर लोक आजतागायत वाद घालतात. सुआरेझचे हात आपसूक वर गेले असे कोणी म्हणेल. ते मान्य करू. पण पेनल्टी हुकल्यावरचा त्याचा जल्लोष आपसूक होता काय? आणि ज्या संघांत प्रशिक्षकच 'माणूस निसटू लागला की पाड, एक कार्ड गेले तरी चालेल' असे शिकवतो, तेथे फाऊल हा शिस्तीचा भंग राहत नाही, तो आज्ञापालन होतो. असा संघ मोजून-मापून चुका करतो. त्याची बेरीज भडकू मुलांच्या संघाहून नेहमी कमीच भरणार.

उलट बाजूही पाहू. २८ जून २०१८ रोजी रशियातील व्होल्गोग्राद येथे जपानचा संघ पोलंडविरुद्ध एका गोलाने हरत होता. त्याच वेळी दुसऱ्या मैदानावर सेनेगल कोलंबियाकडून हरत होते. जपान आणि सेनेगल यांचे गुण सारखे, गोल सारखे, आपसातला सामनाही बरोबरीचा. उरला तो कार्डांचा हिशेब: जपानची चार पिवळी, सेनेगलची सहा. विश्वचषकात या हिशेबावर संघ पुढे जाण्याची ती पहिलीच वेळ. हे कळल्यावर जपानच्या खेळाडूंनी शेवटची सुमारे दहा मिनिटे चेंडू आपसातच फिरविला. गोल करण्याचा प्रयत्न नाही, झुंज नाही, अर्थात फाऊलही नाही. प्रेक्षकांनी शिट्ट्या घातल्या. नियमाप्रमाणे जपान पुढे गेला. याच संघाने पुढे बेल्जियमकडून हरल्यावर आपली खोली झाडून स्वच्छ केली आणि रशियन भाषेत आभाराची चिठ्ठी ठेवून गेला, हेही खरे. मला विचाराल तर त्यांची शिस्त त्या झाडलेल्या खोलीत दिसली. त्या दहा मिनिटांत दिसली ती हिशेबाची हुशारी. तिला मी पाप म्हणत नाही. परंतु सुवार्तेतील तो दासही मालकाचा एक पैसा बुडवीत नव्हता. त्याने मिळालेली रक्कम फक्त जमिनीत पुरून ठेवली होती. जो झुंजीपासून चार हात दूर उभा राहतो त्याच्या हातून फाऊल होणार तरी कसा?

आता आपल्या मैदानाकडे येतो, कारण येथे प्रश्न चषकापुरता राहत नाही. सातपुड्याच्या पाड्यांवरून महाविद्यालयात आलेली भिल्ल, पावरा मुले संघात असतात. त्यांपैकी कित्येकांची घरची माणसे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. पोर वसतिगृहावर राहून शिकते, आणि संघातली जागा हीच त्याला येथे धरून ठेवणारी दोरी असते. 'याची कार्डे फार झाली, बेशिस्त आहे' असे म्हणून ती दोरी कापणे सोपे आहे. कापणाऱ्याच्या हाती कागदाचा पुरावाही असतो.

अशाच एका मुलाविषयी निर्णय करावयाचा असता एका क्रीडाशिक्षकाने सामन्यांच्या वेळी वहीत एक जादा रकाना आखला. कार्ड कोणत्या मिनिटाला मिळाले, आणि त्यापूर्वी काय घडले, एवढेच त्यात लिहावयाचे. ही वही मी पाहिली आहे. मुलाची बहुतेक कार्डे आपल्या संघावर गोल झाल्यानंतरची निघाली, आणि जवळजवळ प्रत्येक नोंदीपूर्वी कोणीतरी त्याला चेंडू नसताना लाथ मारलेली, किंवा त्याच्या बोलीवरून टोमणा मारलेला. पहिली लाथ पंचाच्या पाठीमागे पडते, दुसरी त्याच्या समोर. फुटबॉल खेळलेल्या कोणालाही हे नवे नाही. यावरून मुलगा निर्दोष ठरला असे नाही. आरेला कारे करणे ही दुर्बलता आहेच, आणि तिच्यावर काम करणे त्याच्याच हिताचे. परंतु निष्काळजीपणा, बेपर्वाई, थंड डोक्याचा कपटीपणा यांपैकी एकही नोंद त्याच्या नावावर नव्हती. आणि पहिली लाथ मारणाऱ्यांच्या नावावर तर काहीच नव्हते.

त्या मुलाला संघातून काढले नाही. क्रीडाशिक्षकांनी त्याला एकच काम दिले: आपल्यावर गोल झाला की चेंडू जाळीतून काढून मध्यरेषेवर आणून ठेवावयाचा, आणि तोवर कोणाशी बोलावयाचे नाही. तेवढे अंतर चालताना राग कितपत उतरतो हे त्या वहीत पुढच्या पानांवर लिहिले जात आहे.