बाशिंगाचा साठा

अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले. त्यांत झाड येते ते पृथ्वीच्या ओघात, उल्लेखापुरते. मधमाशी मात्र सविस्तर येते आणि बजावते: भिक्षा संध्याकाळसाठी, उद्यासाठी ठेवू नकोस, साठवणारा साठ्यासकट जातो. संत एकनाथांनी १५७३ मध्ये काशीला पूर्ण केलेल्या भागवतातला हा भाग मी एकादशीला देवळात निरूपणाला घेतो. तेव्हा आवारातल्या आंब्यावरचे बाशिंग मला स्वस्थ बसू देत नाही. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात हयात गेली, त्याचा हा परिणाम.

कारण बाशिंग हा नेचा साठ्यावरच जगतो. त्याला पाने दोन तऱ्हेची. लांब, हिरवी, खोल कातरलेली पाने अन्न तयार करतात, पाठीवर बीजाणू धरतात आणि कोरड्या दिवसांत झडतात. दुसरी बुटकी, बिनदेठाची, ओकच्या पानासारखी. लिनिअसने १७५३ मध्ये नाव दिले ते त्यांच्यावरूनच. ती लवकर तपकिरी पडतात, पण गळत नाहीत. खोडाला लागून त्यांची परडी होते. तीत पालापाचोळा, धूळ, पाणी अडते, कुजते, आणि त्यात बाशिंगाची मुळे पसरतात.

मग हा परिग्रह नव्हे काय? झाडाने टाकले तेच घेतले, कुणाचे काय गेले, असे श्रोते म्हणतात. मला हे पटत नाही. तेच पान खाली पडते तर कुजून आंब्याच्याच मुळांना मिळाले असते. बाशिंग थोडे का होईना, अडवतेच. बांडगुळाची गोष्ट वेगळी. ते सालीत शोषक मुळे घुसवून फांदीचे पाणी आणि क्षार ओढते. बाशिंग सालीबाहेरच राहते.

पण मधमाशीचा धडा आहे भिक्षूला. तो दुसऱ्या दारी चालत जाऊ शकतो. बाशिंगाला जागा सोडता येत नाही. चार महिन्यांच्या पावसावर आठ कोरडे महिने काढायचे असतात. ते गृहस्थ आहे, आणि गृहस्थाला साठा माफ आहे. अट एकच, भूतयज्ञाची: जिवांचा वाटा काढायचा. त्या कुजक्या पाचोळ्यात बारीक किडे नांदतात, पानांवरच्या मधुग्रंथींना मुंग्या लागतात. बाशिंग दोषी नाही, असा माझा निवाडा.

आंब्याची साफसफाई करताना गडी दोन्ही सरसकट ओरबाडतात. बांडगूळ काढाच, लागलेल्या फांदीसकट. बाशिंग राहू द्या.