भाड्याने दिलेले खाते

महाविद्यालयांतून आर्थिक साक्षरतेची जी व्याख्याने होतात, त्यांत बचत, चक्रवाढ व्याज आणि एसआयपी यांची उजळणी हमखास असते. मात्र हे सारे शिक्षण स्वतःचा पैसा कसा वाढेल एवढ्याच प्रश्नाभोवती फिरते आणि आपल्या खात्यामुळे दुसऱ्याचा संसार कसा उघड्यावर येऊ शकतो, याचा त्यात उल्लेखही नसतो.

फसवणुकीतून आलेली रक्कम पुढे सरकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या तिऱ्हाइताच्या खात्याला बँकिंगच्या परिभाषेत 'म्यूल खाते' म्हणतात. शिष्यवृत्तीसाठी उघडलेल्या खात्याचे पासबुक, एटीएम कार्ड आणि त्याला जोडलेले सिमकार्ड ओळखीतल्या कुणाच्या हवाली करायचे आणि बदल्यात काही हजार रुपये किंवा जमा रकमेवर कमिशन घ्यायचे, इतका हा व्यवहार सोपा दिसतो. तिकडे तोतया पोलिसांनी व्हिडिओ कॉलवर घातलेल्या 'डिजिटल अटके'च्या धाकाने एखाद्या निवृत्त माणसाने मोडलेली मुदत ठेव याच खात्यात येते, काही मिनिटांत तिचे तुकडे होऊन ते अनेक खात्यांत पांगतात आणि अखेर रोख रकमेच्या किंवा आभासी चलनाच्या रूपाने हाती लागेनासे होतात.

'खाते तर रिकामेच पडले होते, फसवले दुसऱ्याने' हा बचाव वरवर पटण्याजोगा आहे. परंतु येथे किंमत रिकाम्या खात्याला मिळत नसून, आधार आणि पॅन यांनी पडताळलेल्या नावाला मिळते, कारण तपास त्या नावापाशी येऊन थांबावा हीच फसवणाऱ्या टोळीची गरज असते. मेसचे पैसे थकलेला विद्यार्थी आणि टोळीचा सूत्रधार यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल, आणि २००२ चा मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदाही जाणूनबुजून केलेल्या साहाय्यावर बोट ठेवतो. तरीही 'एवढे पैसे फुकट कोण देतो?' हा घरोघरी विचारला जाणारा प्रश्न ज्याने मुद्दाम टाळला, त्याचे अज्ञान निखालस म्हणता येत नाही.

अशी खाती हुडकण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने 'म्यूलहंटर' ही कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित प्रणाली विकसित केल्याचे डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झाले. असे खाते सापडून गोठवले गेले की शिष्यवृत्तीही त्यातच अडकते, आणि तक्रार परराज्यात नोंदलेली असल्यास खुलासा तिथल्या पोलिसांना द्यावा लागतो. खाते ज्याच्या हातून आधीच गेले आहे, त्याने बँकेला लेखी कळवून ते तत्काळ थांबवावे आणि सायबर पोलिसांना स्वतःहून सारे सांगावे. कमिशन घेतल्याच्या लाजेने हे पाऊल लांबते, आणि तेवढ्या अवधीत त्याच खात्यातून आणखी कुणाची तरी ठेव निघून जाते.