मधले आणि पुरेसे

तत्त्वज्ञानाचे प्रश्न ग्रंथांतून उपजतात असा एक समज आहे. वास्तविक ते बहुधा घरात, आणि घरातही खर्चाच्या प्रसंगी उपजतात. ‘हे हवे आहे’ आणि ‘हे लागते आहे’ या दोन वाक्यांमधील अंतरात नीतिशास्त्राचा बराच मोठा भाग सामावलेला असतो. प्रस्तुत लेखासाठी आम्ही निवडलेले उदाहरण आमच्या वयाच्या वाचकांना क्षुल्लक वाटेल. संगणकावर खेळ खेळणाऱ्या तरुणाने आपले यंत्र सुधारताना मधल्या किमतीच्या ग्राफिक्स कार्डांतून कोणते निवडावे, एवढाच तो प्रश्न. डिंडोली, उधना, लिंबायत या भागांत स्थिरावलेल्या मराठी घरांतून तो आता वरचेवर ऐकू येतो. आजोबांना त्यातले काही कळत नाही असे गृहीत धरले जाते आणि बहुतेक आजोबाही ते गृहीतक आनंदाने मान्य करतात. आम्हांस मात्र असे वाटते की, ज्या प्रश्नात घरातील तीन पिढ्या गुंतल्या आहेत, त्यातून वडीलधाऱ्यांनी अंग काढून घेणे बरे नव्हे.

प्रथम वस्तू समजून घेऊ. पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. घरोघर आढळणाऱ्या १९२० गुणिले १०८० मापाच्या पडद्यावर असे सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात, आणि खेळ चालू असताना सेकंदाला साठ वेळा त्या प्रत्येकाचा रंग नव्याने ठरवावा लागतो. हे काम मुख्य प्रोसेसरच्या आवाक्याबाहेरचे असल्याने ते स्वतंत्र कार्डाकडे सोपवतात. एनव्हिडिया कंपनीने १९९९ साली ‘जीफोर्स २५६’ बाजारात आणताना अशा चिपला ‘जीपीयू’ हे नाव रूढ केले. सुरतेच्या माणसाला यात फार परके वाटू नये. जकार्ड मागावर भोकांच्या पुठ्ठ्यांच्या आज्ञेने धाग्याधाग्यांतून नक्षी उमटते, आणि ती पुठ्ठ्यांची कल्पना चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली होती. ठिपक्यांतून चित्र विणणारे हे कार्ड त्याच कुळातले आहे.

आता निवड पाहू. इंटेलचे ‘आर्क बी ५८०’ डिसेंबर २०२४ मध्ये २४९ डॉलरला जाहीर झाले. त्यात १२ जीबी मेमरी आहे. एनव्हिडियाचे ‘आरटीएक्स ५०६०’ मे २०२५ मध्ये ८ जीबीसह २९९ डॉलरला आले. एएमडीचे ‘आरएक्स ९०६० एक्सटी’ जून २०२५ मध्ये ८ जीबीचे २९९ ला आणि १६ जीबीचे ३४९ ला आले. ‘आरटीएक्स ५०६० टीआय’ ३७९ आणि ४२९ डॉलरला, तर त्यावरचे ‘५०७०’ ५४९ डॉलरला जाहीर झाले होते. आपल्याकडे पोहोचेपर्यंत त्यात आयातीचा खर्च, दुकानदाराचा नफा आणि १८ टक्के वस्तू व सेवा कर मिळतो. या किमतींची मांडणी लक्षपूर्वक पाहावी. प्रत्येक पायरी खालच्या पायरीहून थोडीच उंच आहे. ‘इतके घालतोच आहोत, तर आणखी पन्नास डॉलर घालू’ हा युक्तिवाद प्रत्येक पायरीवर सारखाच बिनतोड ठरतो. मात्र पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत तो मान्य करीत गेले की, किंमत दुपटीहून अधिक झालेली असते. प्राचीन ग्रीकांनी धान्याच्या राशीचा एक कूटप्रश्न मांडला होता: एक दाणा काढल्याने रास नाहीशी होत नाही, मग नेमक्या कोणत्या दाण्याला ती रास उरत नाही? ग्राहकाचीही हीच अडचण असते. कोणतीच एक पायरी अवाजवी नसते, तरी चढण अवाजवी असू शकते.

अशा वेळी समंजस माणूस ‘मधले घेऊ’ म्हणतो. मध्यममार्ग हा आपल्या परंपरेतला आदरणीय शब्द आहे. भगवान बुद्धांनी भोग आणि देहदंड ही दोन्ही टोके टाळण्यास सांगितले. गीतेच्या सहाव्या अध्यायात आहार, विहार, निद्रा यांतील युक्ततेचा उपदेश आहे. परंतु दुकानातील मधले आणि नीतीतील मध्यम ही दोन एकच आहेत काय? ॲरिस्टॉटलने या बाबतीत एक मार्मिक भेद केला आहे. दहा आणि दोन यांचा मध्य सहा हे गणित झाले. पण दहा माप अन्न जास्त आणि दोन माप कमी म्हणून सर्वांना सहा माप वाढावे असे होत नाही. मायलो या पहिलवानाला तेवढे अपुरे पडेल आणि नवशिक्या मल्लाला जड जाईल. नैतिक मध्य माणसाच्या संदर्भात ठरतो, मालाच्या यादीवरून ठरत नाही. दुकानातील मधले तर विक्रेत्याने आखलेल्या दोन टोकांमधले असते. वर एक महागडी वस्तू ठेवली की काल महाग वाटलेली वस्तू आज मधली वाटू लागते. तेथे आपण संयम पाळला असे आपणांस वाटते आणि प्रत्यक्षात आपण दुसऱ्याची आखणी पाळलेली असते.

नावांनीही येथे फसगत होते. २०२१ च्या ‘आरटीएक्स ३०६०’ मध्ये १२ जीबी मेमरी होती. २०२३ साली तिच्या जागी आलेल्या ‘४०६०’ मध्ये ८ जीबी आली. नवे कार्ड वेगवान होते, पण ‘नवे म्हणजे सर्वच बाबतींत अधिक’ हा समज खरा नव्हता. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘४०८०’ या एकाच नावाने १६ आणि १२ जीबीची दोन कार्डे जाहीर झाली. फरक केवळ मेमरीचा नसून आतली चिपच निराळी होती. टीका झाल्यावर पुढच्याच महिन्यात कंपनीने १२ जीबीचे कार्ड त्या नावाने विकण्याचा बेत मागे घेतला. वस्तूचे नाव हे विक्रेत्याने ग्राहकाला दिलेले वचन असते. ते संदिग्ध ठेवणे कायद्यात बसत असेल, पण सचोटीत बसत नाही.

मग पुरेसे ठरवायचे कसे? सरकारी खरेदीत दोन लिफाफ्यांची पद्धत असते. तांत्रिक लिफाफा आधी उघडायचा, गरजेच्या कसोटीला उतरलेल्यांचाच दराचा लिफाफा नंतर उघडायचा. सेवाकाळात या पद्धतीचा कंटाळा येई, पण तिच्यातील नीतिविचार आम्हांस आजही मोलाचा वाटतो. गरज आधी लिहून काढावी, किंमत नंतर पाहावी. तिचा दुरुपयोग कसा होतो हेही सर्वज्ञात आहे. एखादी वस्तू मनात धरून तिलाच जुळतील अशा अटी लिहिल्या जातात. घरातही तेच घडते. मुलगा आधी कार्ड निवडतो आणि मग ‘अभ्यासाला लागेल’, ‘व्हिडिओचे काम करता येईल’ अशा अटी त्याच्या मापाने शिवतो.

प्रामाणिकपणे लिहिलेली गरज बहुधा साधी निघते. पडदा १०८० मापाचा आणि सेकंदाला साठ चित्रे दाखवणारा असेल, तर सेकंदाला एकशेवीस चित्रे रचणाऱ्या कार्डाची निम्मी मेहनत डोळ्यांपर्यंत पोहोचतच नाही. उलट, अलीकडचे काही खेळ उच्च प्रतीच्या चित्रांसाठी याही पडद्यावर ८ जीबीहून अधिक मेमरी मागतात. तेव्हा तेच खेळ पुढची चार-पाच वर्षे खेळायचे असतील, तर स्वस्तातले ८ जीबीचे कार्ड घेणे ही काटकसर नव्हे. वॉटरजेट माग साध्या मागाहून कितीतरी वेगवान असतो, पण सुती धाग्यासाठी तो घेत नाहीत. कोणते कापड विणायचे हे ठरवल्यावाचून यंत्राचा चांगलेपणा ठरत नाही. अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी, ज्यांना १९७८ चे नोबेल पारितोषिक मिळाले, दाखवून दिले की माणूस सर्वोत्तमाच्या शोधात न राहता कसोटीला उतरणारा पहिला पर्याय स्वीकारतो. हा माणसाच्या बुद्धीचा कमीपणा मानू नये. कसोटी खरी असेल तर तेच शहाणपण होय.

आणखी एक सावधगिरी हवी. फ्रेंच विचारवंत दिदरो याने अठराव्या शतकात आपल्या जुन्या झग्याच्या वियोगावर एक निबंध लिहिला. नवा उंची झगा आला आणि त्यापुढे खोलीतली प्रत्येक जुनी वस्तू केविलवाणी दिसू लागली. कार्डाचेही असेच आहे. ते आले की एसएमपीएस अपुरा वाटतो, मग कॅबिनेट अरुंद वाटते, मग पडदा जुना वाटतो. म्हणून किंमत एका वस्तूची न मोजता तिच्या मागून येणाऱ्या वस्तूंसह मोजावी.

येथवरचा विचार हिशेबाचा झाला. खरा प्रश्न त्याच्या पलीकडे आहे. आमच्या आधीची पिढी खानदेशातून तापीकाठाने सुरतेस आली ती कारखान्यांत आणि मागांवर पोट भरण्यासाठी. काटकसर ही तिची गरज होती. पुढे ती गरज सरली आणि काटकसर सद्गुण म्हणून आमच्याकडे उरली. वारशाने आलेल्या सद्गुणाचा एक धोका असा की, त्याच्या आडोशाने इतर गोष्टी बोलता येतात. ‘परवडत नाही’ हे वाक्य आपण दोन अर्थांनी वापरतो. कधी पैसे नसतात, आणि कधी ‘तुझे खेळणे आम्हांस पसंत नाही’ हे म्हणायचे धैर्य नसते. पहिला अर्थ सत्य आहे आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. दुसरा मात्र असत्य आहे. लग्नात वाजंत्रीवर दुप्पट खर्च होताना मुलाने पाहिलेले असते, त्यामुळे तो ते असत्य ओळखतो. तोही मग ‘अभ्यासासाठी’ म्हणून उत्तर देतो. शेवटी मधले कार्ड घरात येते, आणि दोघांनीही मनातले न बोलण्याची किंमत म्हणून ते पैसे मोजलेले असतात.

खेळ निरर्थक आहे असे आम्ही मानत नाही. ज्या परंपरेने सृष्टीलाच लीला म्हटले तिने खेळाला तुच्छ लेखावे हे विचित्र होय. ई-क्रीडा २०२३ च्या हांगचौ आशियाई स्पर्धांत पदकांसाठी खेळली गेली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी घालणाऱ्या २०२५ च्या केंद्रीय कायद्यानेही ई-क्रीडेला मान्यता दिली. म्हणजे खेळ आणि जुगार यांतील भेद कायद्यालाही कळला. आम्ही पत्त्यांवर आणि सोंगट्यांवर घालवलेल्या दुपारींचा हिशेब कोणी मागितला नव्हता. पण खेळाला किती वेळ द्यावा, झोपेचे काय, हे प्रश्न खरे आहेत, आणि त्यांचे उत्तर कार्डाच्या किमतीत सापडणार नाही. रात्री दोन वाजेपर्यंत जागणारा मुलगा स्वस्त कार्डावरही जागतोच.

गांधीजींनी १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना व्रतांवर जी पत्रे लिहिली, त्यांत अपरिग्रहाचाही विचार आहे. आमच्या मते गृहस्थासाठी त्याचा आरंभ वस्तू नाकारण्यापाशी नसून ती का हवी हे स्वतःशी आणि घरच्यांशी खरे बोलण्यापाशी आहे. ‘मित्रांकडे आहे म्हणून मला हवे’ असे मुलाला घरात निर्भयपणे म्हणता यावे, आणि ‘पैसे आहेत, पण तुझी काळजी वाटते’ असे वडिलांना म्हणता यावे. त्यानंतर स्वस्त कार्ड येवो, महाग येवो की जुन्यावरच आणखी वर्ष निघो, तो निर्णय त्या घराचा असेल. त्याआधी खरेदी करू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.